विश्लेषण : मिश्रवंशीय कुटुंबाने अमेरिकेत घर कुठे घ्यावे? 'विविधता' दाखवणारे आकडे कुठे फसवतात?

समजा, मुलगी ठाण्याची. अमेरिकेत शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि शिकागोच्या एका कृष्णवर्णीय तरुणाशी तिने लग्न केले. आता दोन मुले आहेत, थोरले यंदा पहिलीत जाणार. नवी नोकरी न्यू जर्सीत मिळाली आहे आणि घर शोधायचे आहे. घराची किंमत, शाळेचे मानांकन, ऑफिसला जायला लागणारा वेळ हे सगळे मोबाइलवर दोन मिनिटांत कळते. ठाण्याहून आई-बाबा व्हिडीओ कॉलवर जे विचारतात, ते मात्र कुठल्याच ॲपवर नीट सापडत नाही. 'तिथली माणसे कशी आहेत? मुलांना कोणी काही बोलणार नाही ना?'

अशा कुटुंबांची संख्या अमेरिकेत वाढते आहे आणि त्यांत भारतीय, मराठी कुटुंबेही आहेत. 'सर्वाधिक विविधता असलेली शहरे' अशा याद्याही दर वर्षी निघतात. पण त्या यादीत शहर वर आहे म्हणजे तिथे मिश्र कुटुंबाला मोकळे वाटेल, असे गृहीत धरता येत नाही.

हा प्रश्न आजही का पडतो?

कारण फार जुनी गोष्ट नाही. १९५८ मध्ये रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय व मूलनिवासी वंशाची तरुणी यांनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये जाऊन लग्न केले. त्यांच्या व्हर्जिनिया राज्यात अशा लग्नाला बंदी होती. काही आठवड्यांनी मध्यरात्री पोलीस त्यांच्या घरात शिरले आणि दोघांना झोपेतून उठवून अटक केली. न्यायाधीशांनी एक वर्षाची कैद सुनावली आणि ती एका अटीवर स्थगित ठेवली : २५ वर्षे दोघांनी एकत्र व्हर्जिनियात पाऊल ठेवायचे नाही. म्हणजे स्थलांतर हीच शिक्षा. ते वॉशिंग्टनला गेले, पण खेड्यात वाढलेल्या मिल्ड्रेडचे मन शहरात लागेना. १९६३ मध्ये तिने तत्कालीन ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले, तिथून प्रकरण नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांकडे गेले आणि १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. तोपर्यंत १६ राज्यांत असे कायदे शिल्लक होते. ते सगळे एका दिवसात रद्दबातल झाले.

मते मात्र एका दिवसात बदलत नाहीत. अलाबामाच्या राज्यघटनेत हा निर्जीव झालेला मजकूर २००० सालापर्यंत तसाच होता. तो काढण्यासाठी मतदान घेतले तेव्हा सुमारे ४० टक्के मतदारांनी 'काढू नका' असे मत दिले. दुसरीकडे, गॅलप ही संस्था १९५८ पासून कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लग्नाबद्दल लोकांना विचारत आली आहे. तेव्हा पसंती ४ टक्के होती, २०२१ मध्ये ती ९४ टक्के झाली. हा बदल खराच मोठा आहे. पण 'अशा लग्नाला हरकत नाही' असे सर्वेक्षणात सांगणे आणि शेजारच्या अशा कुटुंबाच्या मुलाला आपल्या मुलाच्या वाढदिवसाला बोलावणे यांत अंतर असते. घर शोधणाऱ्याला त्या अंतराची काळजी असते.

मिश्रवंशीय लोकसंख्या किती?

अमेरिकेच्या जनगणनेत २००० पर्यंत प्रत्येकाला वंशाचा एकच रकाना निवडावा लागे. त्या वर्षी पहिल्यांदा एकाहून अधिक रकान्यांवर खूण करायची मुभा मिळाली. २०१० मध्ये असे ९० लाख लोक होते, २०२० मध्ये ते थेट ३ कोटी ३८ लाख झाले, म्हणजे लोकसंख्येच्या १०.२ टक्के. दहा वर्षांत पावणेचारपट!

इथे जरा थांबायला हवे. एवढी मुले दहा वर्षांत जन्मली नाहीत. जनगणना विभागाने प्रश्नाची मांडणी आणि उत्तरे नोंदवण्याची पद्धत सुधारली, लोकांना आपल्या मुळांबद्दल सविस्तर लिहायला जागा दिली आणि आधी एका रकान्यात मोजले गेलेले लाखो लोक दोन रकान्यांत दिसू लागले. वाढीचा मोठा भाग त्यामुळे आहे, असे विभागाने स्वतःच सांगितले. मोजपट्टी बदलली की मोजमाप बदलते. त्यामुळे एखाद्या गावात 'मिश्रवंशीय लोकसंख्या चौपट झाली' असे वाचले तर लगेच हुरळून जाऊ नये.

लग्नांचा आकडा जास्त विश्वासाचा आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या अभ्यासानुसार १९६७ मध्ये नवविवाहितांपैकी ३ टक्के लोकांचे लग्न वेगळ्या वंशाच्या किंवा वांशिक गटाच्या व्यक्तीशी झाले होते. २०१५ मध्ये हे प्रमाण १७ टक्के झाले. आशियाई वंशाच्या नवविवाहितांत ते २९ टक्के आणि त्यांतही अमेरिकेतच जन्मलेल्यांत ४६ टक्के आहे. म्हणजे तिकडे वाढलेल्या मराठी मुलांच्या पिढीत हा अपवाद राहिलेला नाही.

मग 'विविधता निर्देशांक' जास्त असलेले शहर निवडले की झाले?

नाही, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. जनगणना विभागाचा विविधता निर्देशांक सोपा आहे. एखाद्या भागातून कोणतीही दोन माणसे निवडली, तर ती वेगवेगळ्या वंशाची असण्याची शक्यता किती? २०२० मध्ये पूर्ण अमेरिकेसाठी हे उत्तर ६१.१ टक्के होते, हवाईसाठी ७६ टक्के. पण ही दोन माणसे एकमेकांपासून किती लांब राहतात, हे त्या गणितात कुठेच येत नाही.

शिकागो घ्या. गोरे, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो असे तिन्ही गट तिथे साधारण तीस-तीस टक्के. कागदावर याहून चांगले शहर शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात हे देशातल्या सर्वाधिक विभागलेल्या शहरांपैकी एक आहे. ताटात सगळे पदार्थ आहेत, पण प्रत्येकाची वाटी वेगळी आणि वाटीला काठ उंच.

म्हणून अभ्यासक दुसरा आकडा पाहतात, त्याला आपण विलगता निर्देशांक म्हणू. तो ० ते १०० असतो. शहरभर दोन गट सारखे मिसळलेले दिसायचे असतील तर एका गटातल्या किती टक्के लोकांना वस्ती बदलावी लागेल, ते तो सांगतो. ३० च्या खाली म्हणजे बऱ्यापैकी मिसळलेले, ६० च्या वर म्हणजे ठळक विभागणी. घर शोधताना दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. विविधता जास्त आणि विलगता कमी, अशी गावे फार थोडी सापडतात.

प्यूच्या त्याच अभ्यासात एक जोडी फार बोलकी आहे. महानगरवार पाहिले तर आंतरवंशीय लग्ने सर्वाधिक होनोलुलूत, ४२ टक्के. त्याखाली लास व्हेगस आणि सांता बार्बरा. अगदी तळाला ३ टक्क्यांवर मिसिसिपीतले जॅक्सन आहे आणि उत्तर कॅरोलिनातले ॲशव्हिलही. जॅक्सन भागात गोरे आणि कृष्णवर्णीय दोन्ही मोठ्या संख्येने आहेत, पण मध्ये इतिहासाची भिंत आहे. ॲशव्हिलची ख्याती कलावंतांचे, मोकळ्या विचारांचे गाव अशी. तिथे अडचण एवढीच की बहुतेक सगळे गोरेच आहेत. एका ठिकाणी माणसे आहेत पण मिसळत नाहीत, दुसऱ्या ठिकाणी मिसळायला माणसेच नाहीत. आकडा दोन्हीकडे सारखा. ॲशव्हिलसारख्या गावात कोणी वाकडे बोलेल असे नाही, पण पहिलीतल्या मुलाला वर्गात आपल्यासारखे दुसरे कोणी दिसणार नाही. ते रोजचे एकटेपण आई-बापांना उशिरा लक्षात येते.

घर दाखवणारा एजंट याबद्दल का बोलत नाही?

'इथे आमच्यासारखी कुटुंबे राहतात का?' असे अमेरिकेतल्या एजंटला विचारले की तो विषय बदलतो. भारतीयांना हे तुटकपणाचे वाटते. त्यामागे कायदा आहे. एप्रिल १९६८ च्या समान गृहहक्क कायद्यानुसार वंश पाहून ग्राहकाला ठरावीक वस्तीकडे वळवणे बेकायदा आहे. त्यामुळे वस्तीत कोण राहते, हे सांगणेच सावध एजंट टाळतो. शाळा 'चांगली' की 'वाईट' हेही तो सांगत नाही, कारण त्या शब्दांच्या आडून बऱ्याचदा वंशच बोललेला असतो.

कायदा आहे म्हणून प्रकार थांबले असे मात्र नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागात 'न्यूजडे' या दैनिकाने तीन वर्षे छुपी तपासणी केली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. सारखेच उत्पन्न, सारखीच मागणी सांगणारे दोन बनावट ग्राहक एकाच एजंटकडे पाठवायचे; फरक फक्त वंशाचा. कृष्णवर्णीय ग्राहकांना ४९ टक्के वेळा, लॅटिनोंना ३९ टक्के आणि आशियाईंना १९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाली. म्हणजे ठाण्याची मुलगी एकटी घर पाहायला गेली आणि नवरा एकटा गेला, तर दोघांना वेगवेगळी घरे दाखवली जाण्याची शक्यता खरी आहे. पहिल्या भेटीला दोघांनी सोबत जावे, हा सल्ला म्हणूनच भावनिक नाही.

ओक पार्कने नेमके काय केले?

शिकागोच्या पश्चिम सीमेला लागून ओक पार्क हे सुमारे ५४ हजार वस्तीचे गाव आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे इथे जन्मला, वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट याने इथे घरे बांधली. पण मिश्र कुटुंबांच्या चर्चेत या गावाचे नाव निघते ते वेगळ्या कारणाने.

१९५० मध्ये डॉ. पर्सी ज्युलियन यांनी इथे घर घेतले. काचबिंदूवरचे फायसोस्टिग्माइन हे औषध प्रयोगशाळेत तयार करणारे, सोयाबीनपासून संप्रेरके बनवण्याची वाट शोधणारे हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ. त्याच वर्षी शिकागोच्या एका वृत्तपत्राने त्यांना वर्षातील मानकरी नागरिक ठरवले होते. पण ते कृष्णवर्णीय होते. कुटुंब राहायला येण्याआधीच घर पेटवण्याचा प्रयत्न झाला आणि पुढच्या वर्षी घरावर डायनामाइट फेकले गेले. ज्युलियन हटले नाहीत. आज त्याच गावात त्यांच्या नावाची शाळा आहे.

मधल्या काळात गाव बदलले कसे? चांगुलपणा हे उत्तर अपुरे आहे. १९६० च्या दशकात शेजारच्या ऑस्टिन या शिकागोच्या भागात एक धंदा जोरात होता. एखादे कृष्णवर्णीय कुटुंब आले की दलाल गोऱ्या घरमालकांना घाबरवत : 'आता भाव कोसळणार, लगेच विका.' घाबरलेल्यांकडून घर स्वस्तात घ्यायचे आणि घरासाठी वणवण करणाऱ्या कृष्णवर्णीयांना महागात विकायचे. जवळजवळ पूर्ण गोरी असलेली ती वस्ती दोन दशकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय झाली. मधल्या काळात ती काही वर्षे 'मिश्र' दिसत होती, पण ती फक्त एक अवस्था होती, मुक्काम नव्हता. एका रस्त्यापलीकडे हे चालले असताना ओक पार्कला कळून चुकले की काहीच केले नाही तर आपलेही तेच होणार.

मे १९६८ मध्ये गावाने स्वतःचा समान गृहहक्क नियम केला. १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड या स्थानिक महिलेच्या पुढाकाराने घरभाड्याचा सल्ला देणारे केंद्र सुरू झाले. त्याचे काम विलक्षण होते : भाड्याने घर शोधायला आलेल्या गोऱ्या माणसाला ऑस्टिनलगतच्या पूर्व भागातली घरे आवर्जून दाखवायची आणि कृष्णवर्णीयाला गावाच्या इतर भागांतली. कोणाला अडवायचे नाही, पण प्रत्येकाला तो स्वतःहून जिथे गेला नसता तो भाग दाखवायचा. 'घर विकणे आहे' अशा पाट्या लावायला बंदी आली, कारण एका गल्लीत चार पाट्या दिसल्या की पाचवा घाबरतो. १९७७ मध्ये दुसऱ्या एका गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली, तरी ओक पार्कचे दलाल स्वखुशीने ती पाळत राहिले. घराची किंमत घसरली तर भरपाई देणारी विमा योजना गावाने आणली. १९७० च्या दशकात नवे ग्रामसभागृह बांधायचे झाले तेव्हा ते मुद्दाम पूर्व भागात, ऑस्टिनच्या बाजूला बांधले. आम्ही इथून पळणार नाही, हे सांगायला विटा-सिमेंटपेक्षा चांगली भाषा सापडली नसावी.

या उपायांवर टीकाही झाली. हेतू चांगला असला तरी वंश पाहून घर सुचवणेच ते, असे काहींचे म्हणणे होते आणि ते सहज झटकून टाकता येत नाही. पण पन्नास वर्षांनंतर तिथे दर पाचांतला जवळपास एक जण कृष्णवर्णीय आहे, बहुसंख्य गोरे आहेत, आणि एका वस्तीने दुसरीला हुसकावलेले नाही. मिश्र जोडपी तिथे वळून पाहण्याचा विषय नाहीत.

घर पाहताना म्हणूनच गावाच्या इतिहासात डोकवावे. मिसळलेपण आपोआप आले असेल तर ते आपोआप जाऊही शकते. ते कोणीतरी राखत असेल, तर टिकण्याची आशा जास्त.

अशी आणखी कोणती गावे आहेत?

ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळ शेकर हाइट्स आहे. तिथल्या लडलो भागात १९५६ मध्ये एका कृष्णवर्णीय वकिलाच्या बांधकाम सुरू असलेल्या घरात स्फोट झाला, त्यानंतर शेजाऱ्यांनीच एकत्र येऊन १९५७ मध्ये संघटना काढली. मेरीलँडमधले कोलंबिया हे १९६७ मध्ये जेम्स राउस या विकासकाने पहिल्या दिवसापासून सर्व वंशांसाठी म्हणून वसवलेले शहर. फिलाडेल्फियात माउंट एअरी आहे. हवाईचा उल्लेख सगळेच करतात. तिथल्या रहिवाशांपैकी चौथा हिस्सा एकाहून अधिक वंशांचा आहे आणि मिश्र लग्नांवर तिथे कधी बंदीच नव्हती. पण घरांच्या किमती आणि मुख्य भूमीपासूनचे अंतर पाहता आयटीतल्या कुटुंबासाठी तो बहुतेक वेळा सुट्टीचा पर्याय राहतो.

आपल्या ठाण्याच्या मुलीला उपयोगाची जोडी न्यू जर्सीत आहे : साउथ ऑरेंज आणि मेपलवूड. दोन गावे, एकच शाळा जिल्हा. १९९६ मध्ये रहिवाशांनी इथे वंशभेदाविरुद्ध आघाडी उभी केली आणि ओक पार्कसारखेच उपाय केले. मॅनहॅटनला थेट लोकल जाते. एडिसनचा ओक ट्री रोड, म्हणजे इडली, पाणीपुरी, सोन्याची दुकाने आणि किराणा, गाडीने फार लांब नाही. किमती मात्र चढ्या आहेत. मिसळलेल्या गावांची ही नवी अडचण आहे : लोकांना ती इतकी आवडतात की ज्यांच्यासाठी ती उभी राहिली, त्यांनाच परवडेनाशी होतात.

शाळेत काय पाहावे?

एकूण गुणांचे मानांकन सर्वांत शेवटी. ते बरेचसे पालकांच्या उत्पन्नाचे प्रतिबिंब असते. केंद्रीय शिक्षण खात्याकडे नागरी हक्कांसंबंधी शाळावार माहिती असते आणि ती कोणालाही पाहता येते. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या. कोणत्या वंशाची किती मुले निलंबित झाली? आणि अकरावी-बारावीच्या प्रगत वर्गांत कोणत्या वंशाची किती मुले आहेत? शाळेत ३० टक्के कृष्णवर्णीय असून प्रगत गणिताच्या वर्गात ते ५ टक्केच असतील, तर इमारत एक आहे आणि शाळा दोन.

हे सर्वांत चांगल्या गावांतही घडते. ओक पार्कच्या हायस्कूलमध्ये वर्षभर चित्रीकरण करून स्टीव्ह जेम्स या दिग्दर्शकाने २०१८ मध्ये 'अमेरिका टू मी' ही माहितीपट मालिका केली. तिचा विषय हाच होता. साउथ ऑरेंज-मेपलवूडमध्ये २०१८ साली कृष्णवर्णीय पालकांच्या संघटनेने शाळा जिल्ह्याला न्यायालयात खेचले, त्यानंतर २०२१ पासून प्राथमिक शाळांमधले प्रवेश नव्याने मिसळायला सुरुवात झाली. खटला झाला म्हणजे गाव वाईट, असा अर्थ काढू नये. जिथे पालक भांडायला उभे राहतात आणि जिल्हा प्रवेशाचे नकाशे बदलतो, ते गाव निदान बोलते तरी. चकचकीत संकेतस्थळ आणि शून्य तक्रारी असलेल्या शाळेबद्दल अधिक प्रश्न विचारावेत.

प्रवेश अर्जात एक बारकावा आहे. मुलाच्या नावापुढे आशियाई आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही खुणा केल्या, तर सरकारी आकडेवारीत ते मूल 'दोन किंवा अधिक वंश' या रकान्यात जाते. तो रकाना किती भरलेला आहे, हे शाळानिहाय तपासता येते. थोरल्याला वर्गात आपल्यासारखे कोणी भेटेल का, याचे सर्वांत जवळचे उत्तर तिथेच मिळेल.

आणि रस्त्यावर?

हा भाग भारतीय सासू-सासऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. जावयाला रात्री कामावरून गाडी चालवत घरी यायचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकल्पाने वाहतूक पोलिसांनी गाड्या थांबवल्याच्या जवळपास १० कोटी नोंदी तपासून २०२० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातली युक्ती सुंदर आहे. संध्याकाळी सातला उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. वेळ तीच, रहदारी साधारण तीच, फक्त अंधारात चालकाचा रंग नीट दिसत नाही. अंधार पडल्यावर थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण कमी झालेले आढळले. न्यू जर्सीचे राज्य पोलीसही याच आरोपामुळे १९९९ ते २००९ केंद्राच्या देखरेखीखाली होते. अनेक पोलीस दले आता अशा नोंदी प्रसिद्ध करतात. गाव निवडताना घर ते ऑफिस या वाटेवर कोणकोणत्या गावांची हद्द लागते, तेही नकाशावर पाहावे.

मराठी मंडळ जवळ असले की पुरे?

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, शहरोशहरी मंडळे आहेत, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत. गणपती, संक्रांतीचे हळदीकुंकू, दिवाळी अंक सगळे मिळते. पण स्वागत फक्त गोऱ्या शेजाऱ्यांनीच करायचे असते, असा आपला एक समज असतो. गोरी सून आली तर तिच्या नऊवारीतल्या फोटोचे कौतुक होते. कृष्णवर्णीय जावई म्हटला की आधी 'लोकांना काय सांगायचे' यावर बैठक बसते. ज्या भाषेच्या वृत्तपत्रांत वधुवरांच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला, तिच्या मंडळांत तो समुद्र ओलांडताना गळून पडला असेल असे मानण्याचे कारण नाही. घर घेण्याआधी मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला चौघांनी मिळून जावे. जावयाशी कोणी येऊन बोलते का, की सगळे मुलीशीच मराठीत बोलत राहतात, हे तासाभरात समजते.

आपल्यांनीच दूर ठेवल्याची जुनी उदाहरणे आहेत. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात शेतावर राबायला गेलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. गोऱ्या स्त्रीशी लग्नाला कायद्याची आडकाठी होती, मायदेशातून बायको आणता येत नव्हती. इम्पीरियल व्हॅली आणि युबा सिटी भागात अशी शेकडो कुटुंबे वसली. घरी रोटी आणि तोर्तिया दोन्ही भाजल्या जात. १९६५ नंतर कायदा सैल झाला, पंजाबमधून नवे लोक आले आणि या मिश्र कुटुंबांना त्यांनी फारसे आपले मानले नाही.

उलट उदाहरण जास्त परिचित आहे. मद्रासहून आलेल्या शास्त्रज्ञ श्यामला गोपालन यांचे जमैकाहून आलेल्या डोनाल्ड हॅरिस यांच्याशी लग्न झाले, पुढे दोघे विभक्त झाले. दोन लहान मुलींना घेऊन त्या कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे, बहुतांश कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या वस्तीत राहिल्या. खालच्या मजल्यावर रेजिना शेल्टन यांचे पाळणाघर होते. मुली रविवारी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जात, आई त्यांना हिंदू मंदिरातही नेई, आणि 'रेनबो साइन' या कृष्णवर्णीय सांस्कृतिक केंद्रात संध्याकाळी जात. बर्कलेने १९६८ मध्ये शाळांमध्ये मुले मिसळण्यासाठी बस सुरू केल्या होत्या. थोरली कमला त्याच बसने शाळेत गेली. जग या मुलींना कृष्णवर्णीय म्हणूनच पाहणार, हे श्यामलांनी ओळखले होते, असे कमला हॅरिस यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे त्यांनी शपथ घेतली ती याच शेजारीण बाईंच्या बायबलवर हात ठेवून.

प्रत्यक्ष पाहणी कशी करावी?

निवड पूर्ण देशातून करायची नसते. व्हिसा आणि नोकरी यांनी महानगर ठरवून दिलेले असते. उरते ते ऑफिसपासून तासाभराचे वर्तुळ. त्यातली तीन-चार गावे निवडून शनिवारी जावे. सार्वजनिक वाचनालयातला मुलांचा विभाग, शाळेमागचे मैदान, उन्हाळा असेल तर पोहण्याचा तलाव. गावात कोण राहते हे जनगणना सांगते, कोण कोणाशेजारी बसते हे तिथे दिसते. केस कापणारेही पाहावेत : कुरळ्या, दाट केसांचे जाणकार सलून अर्ध्या तासात नसेल, तर अशी कुटुंबे त्या गावात फारशी नाहीत असे समजायला हरकत नाही. मैदानावर एखादे मिश्र कुटुंब दिसले तर सरळ जाऊन बोलावे. एजंटला जे सांगता येत नाही, ते बहुतेक आई-बाप दहा मिनिटांत सांगतात.

घर लगेच विकत घेण्याची घाई मात्र टाळावी. अमेरिकेतली सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते आणि भाडेकरूच्या मुलालाही तीच शाळा मिळते, ती नाकारता येत नाही. भाडेकरार साधारण १२ महिन्यांचा असतो. शाळा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, त्यामुळे जून-जुलैत भाड्याचे घर घेतले तर पहिलीचे पूर्ण वर्ष त्या गावात काढता येते. करार वाढवायचा की नाही, हे मार्च-एप्रिलमध्ये ठरवावे लागते. तोपर्यंत थोरल्याला किती वाढदिवसांची बोलावणी आली, ते मोजून झालेले असते.